चिनी यंत्रातलं कुंकू

आधी माझा स्वभाव सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. मला राग लवकर येतो. यंत्रावर येत नाही, माणसांवर येतो. यंत्र बिघडलं तर त्याला काहीतरी कारण असतं. माणसाला बिघडायला कारण लागत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात, आमच्या गावात टेलिफोन एक्सचेंज आहे. नाव मोठं, पण आहे एक खोली, एक खिडकी, बॅटऱ्यांची रांग आणि भिंतीला लागून उभं असलेलं लोखंडी कपाट. त्या कपाटात एक चिनी यंत्र. शाळा, ग्रामपंचायत, दूध डेअरी, सेवा केंद्र आणि गावातली निम्मी घरं, सगळ्यांचं इंटरनेट तिथनंच निघतं. केसाएवढ्या काचेच्या तारेतून जातं, हे गावाला अजून खरं वाटत नाही. त्या खोलीची किल्ली माझ्याकडं असते. मी कंत्राटावर आहे. डिप्लोमा केला, लग्न होऊन या गावात आले आणि चार जणांनी नाकं मुरडली तरी किल्ली घेतली.

किल्ली दिली ती आमच्या काकांनी. काका म्हणजे इथले जुने टेक्निशियन. तांब्याच्या तारेच्या जमान्यापासून तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हे एक्सचेंज सांभाळलं. चिनी यंत्र आलं ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. खोक्यावर सगळी चिनी अक्षरं. गावातले लोक दारात उभं राहून हसत होते. चिनी माल, आज हाय उद्या न्हाय, असं चाललं होतं. काकांनी यंत्र बसवायला आलेल्या साहेबांना एकच विचारलं, "साहेब, ही कंपनी कुणाची हाय?"

साहेब म्हणाले, "चीनच्या सरकारची आहे."

"मंग सरकारीच हाय की," काका म्हणाले. "टिकंल. सरकारी माणूस अन् सरकारी माल, दोन्ही हळू चालत्यात, पण टिकत्यात."

आणि टिकलं. उन्हाळ्यात आमच्याकडं पत्रा तापून खोलीत उभं राहवत नाही, तरी ते चाललं. दिवसातनं चारदा लाइट गेली तरी चाललं. बंद पडायची ती बाहेरची तार. कारखाना सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या डोक्यावरनं वाहतील एवढ्या भरून जातात, आणि रस्त्यावरनं गेलेली आमची तार त्यात अडकून तुटते. पहिल्या वर्षी तार तुटली की गावात एकच बोलणं, "बाईच्या हातात किल्ली दिल्यावर दुसरं काय व्हणार." उचलली जीभ लावली टाळ्याला. मी शिडी घेऊन तार जोडायला जायची, आणि ज्याच्या ट्रॅक्टरनं तोडली तोच खाली उभा राहून मला सांगायचा, ताई, जरा नीट जोडा. त्या वर्षी मी किती भांडले याचा हिशेब नाही. पण चार वर्षांत ते बोलणं बंद झालं, कारण माझं यंत्र एकदाही बंद पडलं नाही.

आता खंडेनवमीचं सांगते.

नवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं धुऊन पुसून पुजतात. कुऱ्हाड, विळा, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, डेअरीचा काटा. मग एक्सचेंज कसं सुटंल? काका रिटायर झाले तरी दर नवमीला नारळ आणि झेंडूची माळ घेऊन येतात. गेल्या वर्षी मी म्हणलं, यंदा सगळं लख्ख करायचं. फरशी धुतली, खिडकी पुसली. यंत्राच्या तोंडाला स्पंजाची एक जाळी असते. आतले पंखे समोरनं हवा ओढतात, ती हवा या जाळीतनं गाळून आत जाते. मी जाळी काढली, साबणानं धुतली आणि कंपाउंडच्या भिंतीवर वाळत टाकली. जुन्या साडीचा पिळा करून भिंतीवर टाकावा तशी.

यंत्र चालूच होतं. पूजेसाठी गावाचं इंटरनेट कोण बंद करतं?

काकांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. ऊद लावला. मी कपाटाला माळ घातली. आणि आमचा भाग तुळजापूरच्या आईचा. नवरात्रात आमच्याकडं कुंकू चिमटीनं लावत नाहीत, मुठीनं उधळतात. काका म्हणाले, "आई राजा उदो उदो," आणि मी मूठभर कुंकू यंत्रावर उधळलं. वर अजून एक मूठ, हळदीची.

ते कुंकू खाली पडलं नाही. हवेत उडालं, वळलं, आणि सगळंच्या सगळं यंत्राच्या तोंडात गेलं. सर्रकन. आम्ही दोघं बघत राहिलो. माझ्या अंगावर काटा आला. काकांनी हात जोडले, डोळ्यांत पाणी. "घेतलं बघ पोरी," म्हणाले. "आईनं घेतलं."

डिप्लोमा केलेली बाई मी. पंखा हवा ओढतो हे मला पाठ. पण त्या क्षणी मला पंखा आठवला नाही, आई आठवली. संध्याकाळी वाळलेली जाळी परत बसवली आणि समाधानानं घरी गेले.

दसऱ्याच्या दिवशी लोक सोनं द्यायला यायच्या आधी तक्रारी आल्या. डेअरीचं बंद, मग सेवा केंद्राचं, मग शाळेचं. खोली उघडली तर पंखे किंचाळत होते आणि लाल दिवा लागला होता. यंत्र तापलं होतं. मी सगळं केलं, जे येत होतं ते. दुपारी ते आपणहून बंद झालं. त्याला तसं शिकवलेलंच असतं, जळण्यापेक्षा बंद हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी धाराशिवहून साहेब आले. माणूस वाईट नाही, पण घाईतला. लॅपटॉप लावला, यंत्र चालू करून बघितलं, पाच मिनिटांत परत तापलं. एकेक कार्ड लाल. कार्ड म्हणजे यंत्राच्या आत पुस्तकासारखी उभी खोचलेली पाटी, तिच्यातनं तारा निघतात. साहेबांनी जाळी ओढून काढली आणि उजेडात धरली. स्वच्छ. नवी कोरी वाटावी अशी.

"ताई, एवढी स्वच्छ जाळी मी अख्ख्या जिल्ह्यात बघितली नाही," साहेब म्हणाले. "धुळीचा प्रश्नच नाही. मग मालच खराब. चिनी माल, दुसरं काय."

तेवढ्यात मला जाळीच्या खाचेच्या कडेला एक ठिपका दिसला. लाल. मिरीच्या दाण्याएवढा.

एका क्षणात सगळं कळलं. जाळी भिंतीवर, पंखा चालू, मूठभर कुंकू. साहेब लॅपटॉपकडं वळले आणि मी ओढणीच्या टोकानं तो ठिपका पुसून टाकला. हे मी केलं. सांगायला लाज वाटते, पण केलं.

साहेबांनी खिडकीपाशी उभं राहून सांगितलं, "हे यंत्र आता भंगारात. त्या कंपनीचा नवीन माल आपण घेत नाही. वाशीच्या एक्सचेंजला नवीन दुसरं येईल तेव्हा तुमचं गाव तिकडं जोडू."

"कधी येईल?"

"बघू."

सरकारी 'बघू' किती लांबीचं असतं ते मला माहीत आहे. तोवर गाव कोरडं. शाळेचं, डेअरीचं, सेवा केंद्राच्या दारात फॉर्म भरायला उभ्या राहणाऱ्या पोरींचं, सगळ्यांचं बंद. आणि खोलीला कायमचं कुलूप. साहेब पुढं म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. तुमची काही चूक नाही. कंत्राटदाराला सांगून तुम्हाला धाराशिवच्या ऑफिसात घेऊ. टेबल-खुर्ची, डोक्यावर पंखा. उद्या दुपारी मी रिपोर्ट पाठवतो."

म्हणजे बघा कसं झालं. गप्प बसले तर माझं नाव स्वच्छ, नोकरी पक्की, वर खुर्ची. मरणार ते यंत्र आणि एक्सचेंज. आणि खरं बोलले तर कंत्राटदार मला दुसऱ्या दिवशी काढणार. त्याला निमित्तच हवं होतं, त्याचा मेहुणा कधीपासून रांगेत होता.

बाहेर आले तर दारात माणसं जमलेली. "चिनी मालच तसला," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "म्या पयल्याच दिवशी म्हणलं हुतं." मी मान खाली घालून निघाले, आणि चालता चालता राग यायला लागला. आधी त्यांचा, मग माझा. चार वर्षं ज्यानं एकदा तक्रार केली नाही, त्याच्या तोंडात मी मूठ कोंबली आणि बोल त्याला. बाईच्या हातात किल्ली दिली की असंच व्हणार, चिनी माल म्हणलं की असंच व्हणार. जन्मावरनं दोष चिकटवणारी ही माणसं मला चांगली ठाऊक होती, आणि आज मीच त्यांच्यात जाऊन उभी राहिले होते.

घरी सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, खव्याच्या भट्टीवर होत्या. आमच्या घरी खवा होतो. ओढणीचं लाल टोक त्यांना लगेच दिसलं. त्यांच्या नजरेतनं काही सुटत नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी उलथणं थांबवलं नाही, दूध घोटत घोटतच ऐकलं.

मग म्हणाल्या, "खवा करपला तर कढईला शिव्या देऊन भागत न्हाय. उलथणं कुणाच्या हातात हुतं ते बघावं लागतं."

"नोकरी जाईल, आत्या."

"जाऊ दे. हितं दुसरं उलथणं हाय." मग कढईच्या कडा खरवडत म्हणाल्या, "पर करपलेली कढई घासली की निघती. तुझी ती चिनी कढई निघती का, ते बघ आधी."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण आपल्या पापातच एवढे गुंतलो की यंत्र अजून जिवंत असेल, हे विसरलो.

सकाळी साहेबांना फोन केला. "साहेब, रिपोर्ट पाठवू नका. यंत्रात कुंकू गेलंय. माझ्या हातनं. जाळी धुवायला काढली होती."

साहेब म्हणाले, "कुंकू?"

"आणि हळद."

अकरा वाजता साहेब आले ते रागानं लाल होऊनच. "कंत्राटदार आता तुम्हाला ठेवणार नाही. कळतंय का?"

"कळतंय. पण जायच्या आधी मला यंत्र उघडू द्या."

"उघडून बिघडवलं तर?"

"भंगारातच चाललंय ना? भंगार अजून किती बिघडणार?"

साहेब चांगले हसले असते, पण हसायची वेळ नव्हती. त्यांनी त्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. देखभालीचा करार अजून चालू होता, फक्त फोन कधी कुणी केला नव्हता. व्हिडिओवर एक चिनी बाई आली. माझ्याच वयाची असेल, चष्मा, केस मागं बांधलेले. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं. दोन मोडक्यांचं बरं जमतं, सफाईदार बोलणाऱ्यापुढंच तोंड बंद होतं.

आमच्याकडं मोबाइलची रेंज खिडकीपाशीच तेवढी येते. म्हणून साहेब फोन धरून खिडकीत उभे, आणि मी एकेक कार्ड काढून त्यांच्यापाशी नेऊन दाखवत होते. पहिलं कार्ड काढलं आणि मला बघवेना. सगळं लाल-पिवळं. काचेची तार जिथं बसते त्या भोकांच्या कडाही लाल.

त्या बाईनं चष्मा वर केला. विचारलं, हा गंज आहे का? मी नाही म्हणलं. विटेची धूळ? नाही. रंग?

मी म्हणलं, "पूजा." मग हात जोडून दाखवले. आम्ही यंत्राला देव मानतो, वर्षातनं एक दिवस त्याच्यावर लाल पावडर टाकतो, असं काहीबाही सांगितलं. साहेबांनी मान दुसरीकडं वळवली.

तिनं चष्मा परत खाली घेतला. मला वाटलं आता फोन ठेवणार. पण ती म्हणाली, आमच्याकडंही नवीन यंत्र सुरू करताना त्याला लाल फीत बांधतात. मग कार्डाकडं बोट दाखवून म्हणाली, पण फीत आत जात नाही.

मी एवढी जोरात हसले की साहेब दचकले. दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास मोकळा झाला.

मग तिनं सांगितलं तसं करत गेलो. पाणी नको, ओलं फडकं नको, तोंडानं फुंकर नको. मऊ कोरडा ब्रश पाहिजे. ब्रश कुठनं आणायचा म्हणेपर्यंत दारात काका उभे. गावात बातमी पोचायला इंटरनेट लागत नाही. त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेला एक ब्रश होता, जुन्या यंत्राचे खटके झाडायचा. इतकी वर्षं घरात जपून ठेवलेला.

काका साहेबांपुढं उभे राहिले. "साहेब, पूजा म्या शिकवली. आमच्या जुन्या यंत्राला पंखाच नव्हता. पोरीचं नाव एकटीचं लिहू नका."

"काका, मूठ माझी होती," मी म्हणलं. "तुम्ही नुसता उदो केला."

आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सताईंनी बीपीच्या यंत्राचा रबरी फुगा आणि स्पिरिट दिलं. फुग्यानं हवा मारायची, ब्रशनं झाडायचं, भोकांची तोंडं स्पिरिटनं पुसायची. एकेक कार्ड. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर कुंकवाचा ढीग व्हायला लागला. दारात गाव जमलं होतं आणि पहिल्यांदाच कुणी मला काही शिकवत नव्हतं. चार वाजता शेवटचं कार्ड बसलं, जाळी बसली. मी बटण दाबलं.

पंखा फिरला, पण किंचाळला नाही. आधी सगळे दिवे लाल. मग पहिला हिरवा. दुसरा हिरवा, तिसरा, मग खालची ओळच्या ओळ. डेअरीकडनं कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं." मी खाली बसले आणि ढसाढसा रडले. आनंदानंच रडले, उगाच दुसरं काही सांगत नाही.

काकांनी वर्तमानपत्रावरचं कुंकू चिमटीत घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं. फोनमध्ये ती चिनी बाई टाळ्या वाजवत होती. साहेबांनी फोन अजून तसाच धरला होता.

रजिस्टरात साहेब 'तांत्रिक बिघाड, दुरुस्त' असं लिहायला निघाले होते. मला वाचवायलाच. मी वही ओढून घेतली आणि लिहिलं: जाळी काढलेली असताना पूजेचं कुंकू माझ्या हातून आत गेलं, यंत्राचा दोष नाही. खाली सही केली. गप्प राहायचा कंटाळा आला होता.

सोमवारी सकाळी कंत्राटदाराचा फोन. किल्ली घेऊन धाराशिवला या. मी एसटीनं गेले. अख्ख्या वाटेत किल्ली मुठीत धरून बसले, हाताला लोखंडाचा वास लागेपर्यंत. मोठ्या साहेबांच्या खोलीत आमचे साहेब होते, कंत्राटदार होता. त्याचा मेहुणाही नवा शर्ट घालून बाहेर बाकड्यावर बसला होता. मी किल्ली टेबलावर ठेवली.

मोठ्या साहेबांनी माझी रजिस्टरातली ओळ वाचली होती. म्हणाले, "कुंकू तुम्हीच टाकलं?"

"हो."

"लिहिलंत कशाला? दुरुस्त तर झालंच होतं."

"यंत्रावर आळ येत होता, साहेब. त्याला काय तोंड आहे बोलायला?"

त्यांनी टेबलावरचे दोन कागद माझ्याकडं सरकवले. जिल्ह्यातल्या अजून दोन गावांत तेच यंत्र, दसऱ्याच्याच दिवशी बंद पडलेलं. दोन्ही रिपोर्टांत एकच वाक्य: चिनी माल, सदोष. मी कागद वाचले आणि वर बघितलं. मोठे साहेब हसू दाबत होते.

त्यांनी किल्ली उचलली आणि माझ्या हातात दिली. कंत्राटदाराकडं न बघता म्हणाले, "ही यांच्याकडंच राहील. ताई, तो ब्रश आणलाय का?"

ब्रश पिशवीतच होता. काकांनी परत घेतलाच नव्हता.

दुपारी खात्याच्या जीपनं आमचे साहेब आणि मी ढोकीच्या वाटेवरच्या गावात पोचलो. तिथलं एक्सचेंज आमच्यापेक्षा मोठं. दारात तीन पुरुष, त्यातले एक वयानं मोठे टेक्निशियन. हाताची घडी घालून उभे. माझ्याकडं बघून साहेबांना म्हणाले, "ह्या बाई काय बघणार? आमी समदं बघितलंय. मालच चिनी हाय."

"पूजा केली होती का?" साहेबांनी विचारलं.

"छ्या. आमच्यात तसलं काय करत न्हाईत."

स्वभावाविरुद्ध मी गप्प राहिले. वीज बंद केली, जाळी काढली, आणि पहिलं कार्ड ओढून खिडकीच्या उजेडात धरलं. वरनं खालपर्यंत लाल, आणि एका कोपऱ्यात झेंडूची सुकलेली पाकळी.

ते कार्ड मी त्या टेक्निशियनच्या हातात दिलं आणि विचारलं, "काका, मग हे कुंकू बी चीनहूनच भरून आलंय व्हय?"

तिघंही खाली फरशीकडं बघायला लागले. मी पिशवीतनं ब्रश काढला आणि कामाला लागले.